एक जूनचे साक्षीदार

माझा जन्म एक जूनचा. माझ्या नवऱ्याचाही एक जूनचा. थोरल्या दिराचा, दोन्ही नणंदांचा आणि आमचं लग्न जुळवणाऱ्या मामांचाही. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या डेंटिस्टकडे रिसेप्शनवरच्या बाईनं आम्हा दोघांचे कागद शेजारी ठेवून पाहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "सो रोमँटिक!" नवरा म्हणाला, "थँक यू." दुसरं काय म्हणणार? तिला कुठे सांगत बसायचं, की बाई, आमच्या खेड्यात पोराला पहिलीत घालायला नेलं की मास्तर विचारतात, जन्म कधीचा? आई म्हणते, पोळ्याच्या आसपासचा, त्या साली ज्वारी बक्कळ झाली होती. मास्तर पोराकडे एकदा बघतात. सहा वर्षांचं दिसतंय, शाळा जूनमध्ये उघडते, मग लिहितात एक जून. तीच तारीख दाखल्यावर, तिथून पासपोर्टवर, तिथून व्हिसावर आणि शेवटी मिनेसोटाच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर.

ऑफिसात माझ्याच टीममध्ये पुण्याचे एक गृहस्थ होते. त्यांचा वाढदिवस ऑक्टोबरात. ते तारखेबरोबर वेळही सांगायचे, मिनिटासकट. पुण्याचे लोक दवाखान्यात जन्मतात. आम्ही शाळेत जन्मतो.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच आहे, आणि आम्ही नेतही होतो. पण पुढे एका माणसाला अमेरिकेनं ठेवून घ्यायचं की नाही हे याच तारखेवर येऊन अडकलं, तेव्हा हसू जरा कमी झालं.

तो माणूस म्हणजे दादा. माझे कुणी सख्खे नव्हेत. मराठवाड्यातल्या एका गावचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आवाज पहाडी. २००२ साली आमच्या मंडळानं भीमजयंतीला गायला म्हणून त्यांना इथे बोलावलं. आले, गायले. मध्येच माईक बंद पडला तर मागच्या रांगेत कुणाला कळलंसुद्धा नाही. नंतर सगळे जेवायला बसले तेव्हा ताट हातात घेऊन ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ताई, मला आता माघारी जाता येणार नाही." मला वाटलं तिकिटाचा काही घोळ असेल. म्हटलं, "टेन्शन नका घेऊ दादा, एअरलाइनला फोन करते, डेट चेंज होते." ते म्हणाले, "तसं नव्हं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ गावच्या गायरानात थोडी जमीन कसत होता. सरकारी पडीक जमीन, आपल्या लोकांनी दगड वेचून वहितीला आणलेली. गावातल्या मोठ्या घरांना ते सलत होतं. ती सोड म्हणून दोनदा मारहाण झाली, तरी भावानं सोडली नाही. एके दिवशी तो विहिरीत सापडला. पोलिसांनी लिहिलं, पाय घसरून पडला. दादांनी त्याला ओढून नेताना पाहिलं होतं. नेणारे कोण तेही त्यांनी ठाण्यात सांगितलं. ठाण्यातून ते घरी पोचायच्या आत ही बातमी त्या लोकांकडे पोचली होती. पुढच्या आठवड्यात दादांचं घर जळालं. बायको आणि मुलगी पुण्याला, मेव्हण्याकडे. आई मात्र गावातच. ती हलायलाच तयार नव्हती. ती म्हणायची, मी उठले की दुसऱ्या दिवशी गायरानात त्यांचा नांगर.

हे सगळं त्यांनी शाळेत धडा शिकवावा तसं शांतपणे सांगितलं. माझ्या ताटातली पुरी तशीच राहिली. नवऱ्यानं फक्त एवढंच विचारलं, "राहायची सोय आहे का?" सोय नव्हती. मग आमचं बेसमेंट झालं त्यांचं घर.

वकीलबाई मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीनं मिळाल्या. तरुण, हुशार, फी न घेणाऱ्या आणि सतत सर्दी झालेल्या. त्यांनी सांगितलं, आश्रय मिळाला तर दादा इथे कायमचे राहू शकतील, बायको-मुलीला आणू शकतील. नाही मिळाला तर परत जावं लागेल. इतकं सोपं. दादांनी एकच विचारलं, "आईला आणता येईल का?" आईचं तेव्हा लगेच होणार नव्हतं. "बघू पुढं," असं म्हणून त्यांनी अर्जावर सही केली. तसंही, आई येणार थोडीच होती.

अर्ज आधी एका अधिकाऱ्याकडे गेला. त्यांना पटला नाही, म्हणून तो इमिग्रेशनच्या जजसाहेबांकडे गेला. तिथे तारीख मिळायला दोन हिवाळे गेले. तेवढ्यात दादा एका बेकरीत कामाला लागले आणि रविवारी मंडळाच्या मुलांना मराठी शिकवायला लागले. ते म्हणायचे, "बाळ, वाच." पोरगं म्हणायचं, "डू आय हॅव टू?" दादा म्हणायचे, "छान." त्यांना वाटायचं मूल काहीतरी उत्तर देतंय, हेच पुष्कळ.

गावाकडून चार माणसांनी धीर करून प्रतिज्ञापत्रं पाठवली. भाऊ पोहणारा होता, विहिरीत पडून मरणारा नव्हता, दादांना धमक्या आल्या, घर जाळलं, सगळं त्यात होतं. चार माणसं, चार सह्या, तहसीलचा शिक्का. आम्ही निर्धास्त झालो.

सुनावणी २००४ साली झाली. ती बंद दाराआड असते, म्हणून मी आणि नवरा बाहेर बाकावर. दुपारी दादा बाहेर आले, घामाघूम, पण चेहरा मोकळा. म्हटलं, "कसं झालं?" म्हणाले, "चांगलं झालं ताई. जे विचारलं त्याचं खरं खरं उत्तर दिलं." शाळामास्तर ना! खरं उत्तर दिलं की मार्क मिळतात असं त्यांना मनापासून वाटत होतं.

निकाल आला, नामंजूर. त्यात दोन कारणं होती. दुसरं कारण आम्ही धड वाचलंही नाही, कारण पहिल्यानंच आमचं डोकं फिरलं. पहिलं कारण होतं की अर्जदार विश्वासार्ह नाही आणि त्याचे साक्षीदार बनावट दिसतात. पुढे वकीलबाईंनी सुनावणीचा शब्दन् शब्द टाइप केलेला कागद आणला तेव्हा उलगडा झाला. सरकारी वकिलानं विचारलं होतं, तुमची जन्मतारीख? दादा म्हणाले, एक जून. हे पहिल्या साक्षीदाराचं ओळखपत्र, यावर जन्मतारीख काय आहे? एक जून. दुसऱ्याची? एक जून. तिसऱ्याची? चौथ्याची? एक जून, एक जून. मग त्यानं विचारलं, या चौघांची आणि तुमची तारीख एकच कशी, याबद्दल तुम्हाला काही माहीत आहे?

आणि दादांनी खरं उत्तर दिलं. "त्यातल्या दोघांना ती मीच दिली."

सरकारी वकील म्हणाला, माझे प्रश्न संपले.

अहो, दिलीच होती ना त्यांनी! ते दोघं त्यांचेच विद्यार्थी. वीस वर्षांपूर्वी पहिलीत नाव घालायला आले, दादा नवे नवे नोकरीला लागलेले, त्यांनीच हजेरीपटावर एक जून लिहिलं. गावातल्या निम्म्या पोरांना दादांनीच जन्माला घातलं म्हणा ना. पण जजसाहेबांनी काय लिहिलं? अर्जदाराने साक्षीदारांची माहिती स्वतः पुरवल्याचं कबूल केलं. मी तो कागद हातात धरून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. "काहून पण? काहून नाही सांगितलं पुढचं एक वाक्य? शाळेत दिली म्हणून?" दादा शांतपणे म्हणाले, "ताई, त्यांनी विचारलंच नाही. आणि हे सांगायचं काय असतं? हे कुणाला माहीत नसतं?" 

हे मात्र खरं होतं. आमच्या ओळखीत हे माहीत नसलेला एकही माणूस नव्हता. वकीलबाई सोडून. त्या बिचाऱ्या नाक पुसत म्हणाल्या, मला वाटलं हा विषय लवकर संपलेला बरा.

त्याच्या वर इमिग्रेशनचंच एक अपील मंडळ होतं. त्यांनी एका ओळीत कळवलं की खालचा निकाल योग्य आहे. कागदाच्या उरलेल्या भागात पत्ता होता.

मग राहिलं फेडरल कोर्ट. तीन न्यायाधीश, संगमरवरी जिने, खरंखुरं कोर्ट. मला वाटलं, चला, आता कुणीतरी शहाणा माणूस ऐकेल. वकीलबाईंनी आमच्या डायनिंग टेबलावर बसून समजावलं, की हे कोर्ट नव्यानं काही ऐकत नाही. साक्ष नाही, पुरावा नाही, दादांना बोलायचं नाही. खाली जे रेकॉर्डवर आलं तेवढंच ते बघणार आणि खालच्या माणसाची चूक अगदी ढळढळीत आहे का, एवढंच ठरवणार. म्हटलं, "मग एक जूनचं काय?" त्या म्हणाल्या, "ते रेकॉर्डवर नाही." म्हटलं, "मी सांगते ना, माझं लायसन्स बघा." त्या म्हणाल्या, "तुम्हीही रेकॉर्डवर नाही." म्हटलं, "मग खाली परत सांगू." तर म्हणे तसं मागता येतं, पण पुरावा तेव्हा मिळण्यासारखा नव्हता असं दाखवावं लागेल. आता हा पुरावा माझ्या पर्समध्ये कायमचा होता! माझ्या, नवऱ्याच्या, अर्ध्या मंडळाच्या. म्हणजे तेव्हा मिळण्यासारखा होता म्हणून आता चालणार नाही, आणि तेव्हा कुणी मागितला नाही म्हणून तेव्हाही नव्हता. बापा! मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आयुष्य घालवलंय, पण असा बग नव्हता पाहिला.

मंडळाची मीटिंग झाली. आपली माणसं तीच, जी कुठल्याही प्रश्नावर "आपण सगळे मिळून जाऊ" म्हणतात. नोंदणी कार्यालय असो, दवाखाना असो की मुलगी बघायला जायचं असो. कुणीतरी म्हणालं, बोलता येत नसेल तर बसता तर येतं ना? समोर बसू. एक जूनवाले सगळे. जजला दिसेल तरी. काय दिसेल, हे कुणी विचारलं नाही. टाळ्या पडल्या.

२००७च्या वसंतात आम्ही तीन व्हॅन भरून नदीपलीकडच्या डाउनटाउनला गेलो. ऑफिसातले पुण्याचे गृहस्थही रजा टाकून आले होते. म्हणाले, "माझी तारीख चुकीची आहे, पण येऊ का?" आम्ही म्हटलं, या. मंडळातल्या एका काकूंनी सगळ्यांसाठी बटाट्याच्या भाजीचे रोल आणले होते. दारातल्या सुरक्षारक्षकानं ते एक्स-रे मशीनमधून पाठवले, दोनदा. मग तो ओळखपत्रं बघायला लागला. पहिलं पाहिलं, दुसरं पाहिलं, पाचव्या-सहाव्याला थांबला. आमच्या रांगेकडे त्यानं नजर टाकली. "सगळे एकाच दिवशी?" नवऱ्यानं त्याला शाळा, मास्तर, पोळा, ज्वारी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मेक्स सेन्स." पाच वर्षं चाललेल्या या प्रकरणात, एवढं साधं स्पष्टीकरण ऐकून घेतलेला आणि ते पटलेला तो एकटा सरकारी माणूस. निकालाशी त्याचा काही संबंध नव्हता.

आत आम्ही चार बाक भरले. दादा मधोमध, बेकरीच्या मालकानं दिलेला कोट घालून. मी त्यांच्या शेजारी, कानात मराठीत सांगायला. समोर तीन न्यायाधीश. मधल्या बाई वयस्क, चष्मा नाकावर. आधी वकीलबाई उभ्या राहिल्या. मधल्या बाईंनी विचारलं, एक जूनचं स्पष्टीकरण रेकॉर्डवर कुठे आहे? वकीलबाई म्हणाल्या, नाही, युअर ऑनर. आमचे चार बाक एकदम पुढे सरकले. लाकूड करकरलं. बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि परत कागद उलटला. झालं आमचं आंदोलन.

मग सरकारी वकील उभा राहिला. गोरा, तरुण, अतिशय सभ्य. तो दुसऱ्या कारणाबद्दल बोलायला लागला, तेव्हा मधल्या बाईंनी त्याला अडवलं. विचारलं, याच्या भावाला मारण्यात आलं, हे सरकारला अमान्य आहे का?

तो म्हणाला, नाही, युअर ऑनर. ते आम्ही नाकारत नाही.

दादांनी माझ्या कोपराला हात लावला. "काय म्हणाला?" मी सांगितलं, "तुमच्या भावाला मारलं, हे सरकारला मान्य आहे म्हणतोय." ते म्हणाले, "परत सांगा." मी परत सांगितलं. "कोणतं सरकार?" म्हटलं, "इथलं, दादा. अमेरिकेचं." त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, मग सरळ ताठ बसले. त्या माणसाचं काम दादांना परत पाठवायचं होतं, आणि पाठवता पाठवता तो सहज एक वाक्य बोलून गेला होता. दादांच्या गावच्या ठाण्यात ते वाक्य कुणी लिहून घेतलं नव्हतं. मला त्या सभ्य पोराला मिठी मारावीशी वाटली आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. दोन्ही रेकॉर्डवर आलं नसतं.

बाहेर येऊन पायऱ्यांवर सगळ्यांनी रोल खाल्ले. मंडळी खुशीत होती. ते मान्य आहे म्हटलं म्हणजे जिंकलोच, असा सगळ्यांचा हिशेब. पुण्याचे गृहस्थही म्हणाले, लॉजिकली जिंकलोच.

निकाल पानगळीच्या सुमाराला आला. वकीलबाईंनी फोनवर सांगितलं नाही, घरी आल्या, तेव्हाच कळलं. दादा सोफ्याच्या काठावर बसले. कोर्टानं म्हटलं होतं की जन्मतारखेच्या मुद्द्याला हात लावायची आम्हाला गरजच वाटत नाही. तळटीप होती ती. पाच वर्षं, चार बाक, तीन व्हॅन, एका तळटीपेत. कोर्ट पुढे म्हणत होतं, की अर्जदार सांगतो ते सगळं खरं धरलं, तरी जे काही झालं ते त्याच्या गावात झालं. भारत मोठा देश आहे. त्याची बायको आणि मुलगी सहा वर्षं पुण्यात राहतात, त्यांना कुणी हात लावलेला नाही. तोही तिथे जाऊन राहू शकतो. हेच ते दुसरं कारण, जे आम्ही धड वाचलं नव्हतं. अर्ज नामंजूर.

वकीलबाई रडल्या. त्या दिवशी त्यांना सर्दी नव्हती. अजून वर जाता येईल असं त्या म्हणाल्या, पण म्हणताना खाली बघत होत्या. दादा म्हणाले, "पुरे आता. मुलगी दहावीला आली."

एअरपोर्टवर मी आणि नवरा सोडायला गेलो. माझी आपली बडबड चालू होती, पुण्याला पोचलात की फोन करा, स्वेटर वरच ठेवा, कोरडी चटणी चेक-इनमध्ये टाकली ना. दादांनी मध्येच विचारलं, "ताई, एक सांगा. कोर्ट म्हणालं, मी दुसरीकडं राहू शकतो. मंजे गावात राहू शकत नाही, हे त्यांना पटलं ना?"

म्हटलं, "हाव. पटलं."

"मग मी तरी पाच वर्षं दुसरं काय सांगत होतो?"

जयभीम म्हणून ते आत गेले. पार्किंगमध्ये मी गाडीच्या दाराला लाथ मारली आणि ढसाढसा रडले. नवऱ्यानं रुमालानं दार पुसलं. गाडी त्याची होती.

दादा पुण्यात राहिले. एका क्लासमध्ये शिकवायला लागले. कुणी त्यांना हात लावला नाही. फोनवर ते दर वेळी हेच सांगायचे, सुखरूप आहे. कोर्टाचं म्हणणं अगदी बरोबर ठरलं होतं.

पुढच्या वर्षी एका सकाळी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते तेव्हा त्यांचा फोन आला. तिकडे संध्याकाळ. आई गेली होती. गायरानातल्या खोपटात, बसल्या बसल्या. दादांनी गाडी ठरवली होती, पण ठाण्यातून निरोप आला, तुम्ही गावात येऊ नका, आम्ही तुमची जबाबदारी घेऊ शकत नाही. वहिनी, म्हणजे दादांची बायको, तेवढी पुण्याहून गेली होती; ती आणि प्रतिज्ञापत्र देणारे ते दोघे विद्यार्थी सगळं करत होते.

"आत्ता माती देत असतील," ते म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, मी काय बोलू?"

"काही नका बोलू. माती होईस्तोवर फोन नुसता चालू ठेवा."

मी चालू ठेवला.